न गाळलेलं मेण

काचेचा तो कण अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही थोडा लहान होता. त्याची एक कड सुरीने कापल्यासारखी सरळ होती, दुसरी शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी वळणं घेत गेलेली. रंग काळा, पण खालून प्रकाश सोडला की कडेला मधासारखा तपकिरी दिसे. रोवेनाने सुईच्या टोकाने सूक्ष्मदर्शकाखालची बशी किंचित फिरवली आणि पावसाळ्यापासून जे तपासत आली होती तेच पुन्हा तपासलं. कणावर पिवळट साय नव्हती. समुद्राच्या पाण्यात काच पडून राहिली की तिच्यावर अशी साय धरते, आणि काच जितकी जुनी तितकी ती जाड. हा कण मात्र काल ओतल्यासारखा कोरा होता.

"मॅडम, ऐकताय ना?" टेबलावर ठेवलेल्या फोनमधून शिवानी गोव्याहून विचारत होती.

"ऐकतेय गं. सोडियमचा आकडा पुन्हा सांग."

शिवानीने सांगितला. असे दोन कण सापडले होते, त्यातला मोठा गोव्याच्या प्रयोगशाळेत गेला होता आणि त्याच्या तपासणीचा निकाल आज हातात आला होता. "इतकं कमी सोडियम! म्हणजे खाली खडक भरपूर वितळलाय. सगळे ज्याला कोरडा कोरडा म्हणतात ना, तिथे मॅग्मा येतोय, मॅडम. आणि तोही ताजा!"

अरबी समुद्राच्या तळाशी जी डोंगररांग आहे तिच्या कण्यावर जमिनीचे दोन प्रचंड तुकडे वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर एकमेकांपासून दूर सरकत असतात. मधे जी फट पडते ती खालून येणारा मॅग्मा भरून काढतो, थंड होतो, नवी जमीन तयार होते. पण हा पुरवठा सगळीकडे सारखा नसतो. उत्तरेच्या भागात तो सढळ आहे; तिथली रांग फुगलेली, तिथे काचच काच. दक्षिणेच्या एका भागात मात्र तो इतका कमी की जमीन सरकत राहते आणि भरायला काही येतच नाही. ती नुसती ताणली जाते, तडकते, आणि अगदी खोलवरचा जुना खडक थंडपणे वर ओढला जातो. त्या भागाला हे लोक आपसात कोरडा म्हणत. गेल्या मोहिमेत तिथल्या नमुन्यात हे दोन कण निघाले होते, आणि ते काढले होते रोवेनाने, बाळकुमच्या आपल्या घरात बसून.

एके काळी ती डोंबिवलीच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवायची. मुलं येईनाशी झाली तसा तो विभाग बंद पडला. विठ्ठलवाडीची शिवानी शेवटच्या तुकडीतली. तीच आता मोहिमेची प्रमुख होती आणि नमुने निवडायचं काम आठवणीने आपल्या जुन्या मॅडमकडे पाठवत होती.

"आधी तिथे दोन दिवस थांबायचं होतं, आता पूर्ण आठवडा टाकलाय," शिवानी म्हणाली. "उत्तरेची सगळी कामं रद्द केली. डिसेंबरचा आख्खा प्लॅन तुमच्या कणावर बांधलाय."

"माझा कसला? समुद्राचा कण तो."

"बरं, समुद्राचा. आणि जहाजावरच्या तुमच्या बंकचं काय? सोमवारी यादी बंद होतेय. ह्या फेरीनंतर जहाज दुरुस्तीला जाणार, पुढचं कधी ते कुणालाच माहीत नाही. दरवर्षी तुम्ही 'बघते' म्हणता."

"बघते."

"बघा! म्हणालातच!"

फोन ठेवल्यावर खोली पूर्वीपेक्षा जास्त शांत वाटली. भिंतीपलीकडून, मागच्या शेडमधून, पत्र्याच्या भांड्यावर पळी आपटल्याचा आवाज आला. पप्पा काम करत होते.

पप्पा, म्हणजे नॉर्मन, एकोणऐंशी वर्षांचे होते आणि हात चालायला लागल्यापासून मेणबत्त्या ओतत आले होते. बाळकुममध्ये शेतं होती तेव्हापासूनची ही शेड. आता तिच्या तिन्ही बाजूंनी पंचवीस-पंचवीस मजले उभे होते आणि दुपारी दोननंतर तिच्यावर ऊन पडत नसे. पहिल्या कम्युनियनच्या बत्त्या, ईस्टरच्या, सप्टेंबरच्या जत्रेत नवसाला वाहायचे मेणाचे हात, पाय, तान्ही बाळं, सगळं इथून जायचं. आता कारखान्यातल्या बत्त्या गाडीने येत, आणि पप्पांकडे मागणी अशी फारशी नसे. तरी ते रोज ओतत.

जहाजालाही मेण इथूनच जाई. समुद्राच्या तळावर एक जड लोखंडी ठोकळा दोराने सोडतात; त्याच्या टोकाला वाट्या असतात आणि वाट्यांत मेण. ठोकळा खडकावर आदळला की काचेचे कपचे मेणात रुततात. वर ओढून ते मेण कापायचं, पिशवीत भरायचं, नंतर गरम पाण्यात वितळवायचं. काच खाली बसते, मेण वर तरंगतं. त्यासाठी मेण लागतं फार मऊ नाही, फार कडक नाही, आणि ते प्रमाण पप्पांना बरोब्बर जमायचं. रोवेना एकदाच त्या जहाजावर गेली होती, तिशीच्या आत असताना. पहाटे डेकवर उभं राहून पहिल्यांदा वर आलेलं ते मेण तिने हातात घेतलं होतं. बर्फासारखं थंड, आणि त्यात काळे चकचकीत तुकडे. तितका आनंद तिला पुढे कशाने झाल्याचं आठवत नव्हतं.

नंतर मम्मी आजारी पडली, बरी झाली, पुन्हा पडली. तीन वर्षांपूर्वी ईस्टरच्या आधी मम्मी, जोविटा, गेली. जाण्यापूर्वी रोवेनाचं मनगट धरून म्हणाली, "पप्पाला एकटं टाकू नको गो." रोवेना हो म्हणाली. तेव्हापासून ती कुठे गेली नव्हती, मुक्कामाला तर नाहीच. टेंभी नाक्यापर्यंत काही आणायला गेली तरी रिक्षा थांबवून ठेवायची.

दुपारी जेवायला दोघं समोरासमोर बसली.

"आज सुरमय?" पप्पांनी विचारलं.

"बांगडा."

"काय?"

"बांगडा! कानाचं मशीन लाव ना, पप्पा."

"जेवताना कशाला? बांगडा काय बोलणार हाय?"

ती हसली, पण त्यांनी पाहिलं नाही. ते काटे काढत होते. रोवेनाला जहाजाचं सांगायचं होतं. सोमवार, यादी, आठवडा, कोरडा भाग. एवढं सगळं मोठ्याने ओरडून सांगावं लागेल या विचारानेच तिला थकवा आला. तिने आमटी वाढली. पप्पा ताट उचलून मोरीत ठेवून शेडकडे गेले, ती सूक्ष्मदर्शकाकडे.

शनिवारी ऑल सोल्स, मृतांच्या स्मरणाचा दिवस होता. संध्याकाळी दोघं रिक्षाने कबरस्तानात गेली. आत माणसांची दाटी, झेंडूचे हार, मुलांची पळापळ, आणि कबरीकबरीवर पेटत चाललेल्या बत्त्या. मम्मीच्या कबरीवरची पानं रोवेनाने हाताने झाडली. पप्पांनी कापडी पिशवीतून स्वतः ओतलेल्या बत्त्या काढल्या, जाड, पिवळसर, आणि एकेक टेकवून पेटवल्या. मशीन आज त्यांच्या कानात होतं, प्रार्थनेसाठी. फादरांचा आवाज लाउडस्पीकरवरून तुटत तुटत येत होता.

पहिली बत्ती तडतडली. रोवेनाचं लक्ष गेलं. ज्योतीच्या बुडाशी पातळ मेणाचं तळं झालं होतं आणि त्यात काहीतरी चमकलं. एक ठिपका. मग त्याच्या शेजारी आणखी एक. वात हलली तसे ते चकाकले आणि विझले.

वाळू असेल, तिने स्वतःला सांगितलं. तरी तिचा हात पर्समध्ये गेला. भिंग तिच्याजवळ कायम असे.

"मम्मीपुढे तरी ते भिंग ठेव गो," पप्पा हळूच म्हणाले. "लोक बघतात."

"एक मिनिट, पप्पा."

तिने दुसरी बत्ती पाहिली. तिसरी. सगळ्यांत ठिपके होते, आणि सगळ्यांत टोकाशीच. मेणबत्ती साच्यात उलटी ओततात, टोक खाली. मेण पातळ असताना त्यात जड काही असलं तर ते तळाला बसणार, म्हणजे टोकात. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. शेडमध्ये साच्यांवर वाकून ती मोठी झाली होती. कुठला जड पदार्थ या मेणात असू शकतो, तेही तिला त्याच क्षणी कळलं, पण तिने ते स्वतःशी लगेच उच्चारलं नाही.

तिने बोटाच्या नखावर वितळलेलं मेण घेतलं. चटका बसला. मेण पांढरं झालं, थिजलं. शेजारच्या कबरीवरची बाई म्हणाली, "भाजलं का, बाय?" रोवेनाने मान हलवली आणि मेणाची ती टिकली हातरुमालात गुंडाळून ठेवली.

रविवारी सकाळी चर्चहून आल्यावर कपडेही न बदलता ती सूक्ष्मदर्शकापाशी बसली. रुमालातलं मेण तिने गरम पाण्यात सोडलं, वर तरंगलेला पापुद्रा काढून टाकला आणि तळाचं पाणी बशीत ओतलं. चार कण होते. काळे, कडेला मधासारखे. एकाला सरळ कड, एकाला शिंपल्याची वळणं. साय कुणावरच नव्हती. तिने जपून ठेवलेला कण शेजारी सरकवला. आता कुठला समुद्रातला आणि कुठला कबरीवरचा हे तिला नुसतं बघून सांगता आलं नसतं.

तिने जुन्या मोहिमेचे आकडे काढले. उत्तरेच्या भागातली काच, जिथे पुरवठा सढळ आहे. सोडियम शिवानीच्या आकड्याइतकंच. दशांशापर्यंत तेवढंच.

ती उठली. मागच्या खोलीत फडताळाखाली पत्र्याचे डबे होते. काच काढून झाली की उरलेलं मेण ती त्यांत टाकायची आणि विसरून जायची. तिने एक डबा ओढला. रिकामा. दुसराही रिकामा, बुडाशी खरवडल्याच्या खुणा.

शेडमध्ये पप्पांनी भट्टीवर पातेलं चढवलं होतं. "पप्पा, मशीन हाय का कानात?"

"हाय. का?"

"माझ्या डब्यांतलं मेण कुठाय?"

"कुठलं? समुद्राचं? वापरलं ना."

"कशात?"

"आता मेण कशात वापरतात? लोणच्यात?" ते पळी ढवळत राहिले. "बत्त्यांत. तुझ्या जहाजाला पाठवतो त्या मेणातबी गेलं थोडं. चांगलं मेण हाय. फेकतंय कोण?"

रोवेना स्टुलावर बसली. या घरात मेण कधीच फेकलं गेलं नव्हतं. चर्चमधून अर्ध्या जळलेल्या बत्त्यांची थुटकं यायची तीही पातेल्यात जायची. हे ती विसरली कशी? जहाजावर इतर प्रत्येक गोष्ट वापरण्याआधी कोरी आहे का ते तपासायची शिस्त होती, ती तिनेच शिवानीला शिकवली होती. घरचं मेणही तपासायचं असतं, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"कधीपासून घेतोस?"

"पयल्यापासून. तू ठेवतेस, मी घेतो. पण तवा तुझी मम्मी गाळायची ना." त्यांनी पळीने दाखवलं. खिळ्यावर लुगड्याचं एक जुनं फडकं चौघडी करून टांगलं होतं. घडीवर धूळ बसली होती. "दुहेरी धरायची. केस पण जायचा नाय त्यातून."

"आणि आता?"

"आता नाय गाळत. दोन माणसांचं काम हाय ते. एकाने फडकं धरायचं, एकाने ओतायचं."

"मला हाक मारायची होतीस, पप्पा."

"मारली होती." ते अगदी साधेपणाने म्हणाले, हवा कशी आहे हे सांगावं तसे. "दोनदा. तू आतून बोललीस, पप्पा, सुईवर कण हाय, आता नको. मग नाय मारली."

तिला आठवेना. दोन्ही वेळा काय हातात होतं, कुठला नमुना होता, काहीच आठवेना. सूक्ष्मदर्शकावर डोळे टेकलेले असताना बाहेरून येणाऱ्या प्रत्येक आवाजाला ती हेच म्हणत असणार. तीन वर्षं तिने त्यांना एकटं टाकलं नव्हतं. एक भिंत मधे होती, तिच्या अलीकडे ती आणि पलीकडे ते, आणि पलीकडे फडक्यावर धूळ बसत होती.

"काय झालं गो? बिघडलं काय?" पप्पांनी पहिल्यांदाच ढवळणं थांबवलं.

"तुझ्या मेणातून काच गेली जहाजावर. उत्तरेची काच दक्षिणेत. आम्हाला वाटलं, समुद्राखाली नवा ज्वालामुखी सापडला."

पप्पा तिच्याकडे वळले. "आणि तो माझ्या पातेल्यात होता?"

"तुझ्या पातेल्यात."

त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मम्मीला सांगायला पायजे होतं," ते म्हणाले आणि मग हसू एकदम थांबलं. त्यांनी भट्टीची आच उगाच कमी केली, पुन्हा वाढवली.

रोवेनाने खिळ्यावरचं फडकं काढलं. बाहेर जाऊन झटकलं, नळाखाली धुतलं, घट्ट पिळून वाळलं तितकं वाळवलं, भट्टीच्या धगीवर धरून उरलेला ओलावा घालवला. मग दुहेरी करून रिकाम्या पातेल्याच्या तोंडावर दोन्ही हातांनी ताणलं.

"ओत."

"चटका बसेल."

"बसू दे. ओत तू."

पप्पांनी पातेलं चिमट्याने उचललं. मेणाची धार पडायला लागली. फडकं जड झालं, गरम वाफ तिच्या मनगटांवर आली. मधोमध एक बारीक काळी रेघ जमत होती, कापडाच्या सुरकुतीत.

"खाली नको लोंबू देऊ. मम्मी अशी नाय धरायची. कोपर वर."

तिने कोपर वर केलं.

फोन वाजला. तो तिच्या ड्रेसच्या खिशात होता आणि तिचे दोन्ही हात अडकलेले. पप्पांनी पातेलं खाली ठेवलं, एका हाताने फोन काढला, नाव बघायला लांब धरला, आणि हिरव्या खुणेवर अंगठा इतक्या जोरात दाबला की फोन निसटून स्टुलावर पडला. स्पीकर आपोआप लागला नव्हता. तो त्यांनी दुसऱ्या प्रयत्नात लावला.

"मॅडम? रविवारी त्रास देतेय. उद्या यादी जाणार म्हणून—"

"शिवानी, तो कण तिथला नाहीये."

शिवानीने सावकाश विचारलं, "म्हणजे?"

रोवेनाने सांगितलं. मेण, डबे, पातेलं, कबरीवरची बत्ती. शेवटी शिवानी म्हणाली, "म्हणजे तिथे मॅग्मा नाहीच."

"तसंही नाही म्हणता येत. आपल्याला तिथलं काहीच माहीत नाही. आपल्या मेणाने तिथून काही आणलंच नव्हतं."

"मग मी आता काय करू? आठवडा टाकलाय मी त्यावर. वरती सगळ्यांना सांगून बसलेय. काढून टाकू तो थांबा?"

"काढू नको. दोन दिवस ठेव, आधी होते तसे. उत्तरेची कामं परत घाल. गाळलेलं मेण पाठवते, प्रत्येक लादी वितळवून तपासलेली." ती थांबली. फडक्यातून शेवटचे थेंब पडत होते. "जिथे खालून काही येत नाही, तिथेही जमीन सरकतेच आहे, शिवानी. मग वर काय येतं, ते कुणीतरी जाऊन बघायला हवं."

"कोण बघणार, मॅडम? मेण वर आल्यावर पाच मिनिटांत त्यात काय आहे ते सांगणारं माझ्याकडे कुणी नाहीये. मुलं नवीन आहेत."

पप्पांनी वाफेने ओला झालेला कान पुसायला मशीन काढलं होतं आणि ते त्यांच्या तळहातावर होतं. "काय म्हणते ती?" त्यांनी विचारलं.

रोवेनाने त्यांच्याकडे पाहिलं. डिसेंबर म्हणजे ख्रिसमस. कल्याणहून एमिलिया आत्या येऊन राहील, दिवसभर बडबडेल, आणि पप्पा मशीन काढून ठेवतील. संध्याकाळी ते या स्टुलावर बसतील आणि भिंतीपलीकडे खरोखरच कुणी नसेल. त्यांचं जेवण, त्यांच्या गोळ्या, रात्री शेडला कुलूप. ती हे सगळं दरवर्षी मनात मोजत आली होती आणि दरवर्षी तिथेच थांबली होती. भट्टीपाशी अजून न गाळलेल्या मेणाचे दोन गोळे उरले होते. तेवढे गाळायला हा महिना होता.

"काय गो? ऐकू नाय आलं."

रोवेनाने फडकं सोडलं नाही. ती त्यांच्या कानाशी वाकली आणि शेडच्या पत्र्यावर घुमेल इतक्या मोठ्याने, फोनवर शिवानीलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली:

"पप्पा, मी जहाजावर जातेय."